क्लच जड का होतो?

पावसाळा संपता संपता अनेक मोटरसायकलस्वारांची एकच तक्रार असते: क्लच जड झालाय. अशा वेळी दोष बहुधा केबलमध्ये असतो.

ही रचना ‘बाउडन केबल’ म्हणून ओळखली जाते. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले. आत पोलादी तारांचा पीळ आणि बाहेर न दबणारे आवरण. लिव्हर ओढली की तार ताणली जाते, आवरण तेवढाच दाब पेलते. म्हणून वळणावळणाच्या वाटेनेही ओढ पोहोचते. मात्र प्रत्येक वळणावर तार आवरणाला घासते. तिथे पाणी, धूळ आणि गंज साचले की घर्षण वाढते आणि बोटे दुखू लागतात.

उपाय घरी करता येतो. केबलचे वरचे टोक लिव्हरपासून सोडवा, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा घट्ट बांधा आणि पातळ तेल ओता. तार वरखाली हलवत राहा. खालून आधी काळे तेल येईल. स्वच्छ येईपर्यंत थांबा. आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचे अस्तर असेल, तर आधी गाडीची पुस्तिका पाहा. जाड ग्रीस मात्र टाळा, ते धूळ धरून ठेवते.

तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तर तेल नको, केबलच बदला. थ्रॉटलच्या केबललाही हेच लागू: थ्रॉटल सोडताच झटकन मागे यायलाच हवा, हँडल कुठल्याही बाजूला वळवलेले असो. जीव त्या बारीक तारेवर अवलंबून असतो.