निपाणीचा गिरणीवाला
(लेखमाला : आपापल्या गावचे कादंबरीकार, भाग ७)

मागच्या आठवड्यात आपण चिनी कादंबरीकार मो यानच्या गाओमीत होतो. सांस्कृतिक क्रांतीत शाळा सुटली, गुरं राखली, कारखान्यात राबला, १९७६ साली सैन्यात गेला, २०१२ साली नोबेल मिळालं. पण लिहिताना गडी फिरून फिरून आपल्याच गावच्या लाल जोंधळ्यात. त्या वळणाचा आपल्याकडचा कादंबरीकार शोधायला आमच्या कणकुंबीहून फार लांब जावं लागत नाही. बेळगावला उतरायचं आणि पुणे-बंगळूर रस्ता धरून निपाणी गाठायची. तिथे महादेव मोरे लोकांची दळणं दळत होते.

हे रूपक नव्हे. मोऱ्यांची खरोखरच पिठाची गिरणी होती. त्याआधी गॅरेज झालं, टॅक्सी झाली. दळणाचा डबा घेऊन आलेली बाई पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवून बोलते, तेव्हा ती शब्द निवडत बसत नाही. मोऱ्यांच्या संवादांना जो खणखणीतपणा आहे तो मला तिथला वाटतो. कन्नडची फोडणी बसलेली, कोल्हापूरकडे झुकलेली ती बोली त्यांनी पुण्याच्या वाचकासाठी धुऊनपुसून घेतली नाही.

‘एकोणिसावी जात’ हे त्यांच्या कादंबरीचं नावच बघा. अठरापगड जाती आपल्याला ठाऊक; ही एकोणिसावी ड्रायव्हर-क्लीनरांची. रस्त्यावर जेवणारी, गाडीतच झोपणारी. चोर्ला घाट उतरण्याआधी आमच्या कणकुंबीत चहाला थांबणारे गोव्याचे भाजीवाले टेम्पो पाहिले, की हे नाव किती नेमकं आहे ते कळतं.

निपाणी हे खेडं नव्हे, शहरही नव्हे. तंबाखूची पेठ. वखारीत तंबाखूच्या धुरळ्यात राबणाऱ्या बाया, दलाल, हमाल, हॉटेलवाले. १९५६ साली हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात बारा जण गेले. एवढं सगळं ज्या पेठेत घडतं तिथला लेखक समीक्षेच्या कुठल्या खणात टाकायचा? ग्रामीण म्हणावं तर त्यात नांगर कमी आणि स्पॅनर जास्त. नागर म्हणावं तर अंगाला पिठाचा वास. मोऱ्यांची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, त्याचं निम्मं कारण हे, असं माझं मत. उरलेलं निम्मं सीमेचं: महाराष्ट्राला ते पलीकडचे, कर्नाटकाला मराठी.

मो यानच्या मागे त्याच्या ‘लाल जोंधळा’ कादंबरीचा सिनेमा उभा राहिला, बर्लिनचं सुवर्ण अस्वल घेऊन आला. मोऱ्यांना असा कुणी सिनेमावाला भेटला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये ते गेले. सीमाभागातल्या कुणाच्या माळ्यावर ‘एकोणिसावी जात’ किंवा ‘झोंबडं’ पडून असेल, तर रद्दीवाल्याला देऊ नका. गावच्या वाचनालयात नेऊन द्या.