सिस्टर, ग्रामसभा आणि अफवा

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीच्या परिसराला वेगळ्या वेशातली धार्मिक माणसे नवी नाहीत. गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे आणि तांबड्या वस्त्रांतले लामा या भागाच्या ओळखीचे आहेत. प्रतापगडावर महादेवाची यात्रा भरते, तिथेच दर्गाही आहे. परधर्माशी शेजार जमवण्याची सवय असलेल्या अशा मुलखातही कॅथलिक सिस्टरविषयी ऐकीव गोष्टी सहज खपतात. महाराष्ट्रात इतरत्रही तेच घडते. यातल्या काही गोष्टी निव्वळ अज्ञानातून आलेल्या असतात, तर काहींमुळे गावाचे प्रत्यक्ष नुकसान होते.

गैरसमज: सिस्टर म्हणजे स्त्री-पाद्री.

क्रूस, झगा आणि प्रार्थना पाहून असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सिस्टरला धर्मगुरूची दीक्षा मिळत नाही, त्यामुळे मिस्सा हा मुख्य उपासनाविधी अर्पण करण्याचा किंवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार तिला नसतो. १९८३ च्या चर्चच्या कायद्यानुसार मिस्सामधले प्रवचन धर्मगुरू आणि डीकन यांच्यासाठी राखीव आहे. इतर प्रसंगी मात्र परवानगीने सिस्टर उपदेश करू शकते. तेराव्या शतकात स्थापन झालेल्या डॉमिनिकन संघाचे तर उपदेश हेच मुख्य कार्य मानले जाते. त्या परंपरेतल्या सिस्टर अध्यापन, चिंतनशिबिरे आणि अन्यायाविरुद्ध जाहीरपणे बोलणे या सगळ्याला उपदेशच समजतात.

गैरसमज: शाळा, दवाखाना, बचतगट हे निमित्त, खरे काम धर्मांतराचे.

या समजाला इतिहासाचा आधार आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी अन्न आणि अनाथाश्रम दिले आणि त्याच काळात अनेकांनी धर्म बदलला. श्रद्धेचा प्रसार करायचा आहे, हेही चर्च लपवत नाही. राज्यघटनेचा २५ वा अनुच्छेद प्रसाराचा हक्क देतो. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये सक्ती आणि आमिष यांना मनाई केली.

प्रश्न उरतो परिणामाचा. १९७१ च्या जनगणनेत भारतात ख्रिस्ती लोक २.६ टक्के होते, २०११ मध्ये २.३ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: ख्रिस्ती झाल्यास अनुसूचित जातीच्या सवलती जातात, म्हणून लोक नोंद लपवतात. काही ठिकाणी तसे होत असेल. पण अनुसूचित जमातींच्या सवलती धर्म बदलल्याने जात नाहीत. त्यामुळे गोंड, हलबा अशा समाजांना नोंद लपवण्याचे ते कारणच उरत नाही.

जुलै २०२५ मध्ये गोंदियाच्याच रेल्वेमार्गावरील दुर्ग स्थानकात केरळच्या दोन सिस्टरना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपावरून अटक झाली. सोबत नारायणपूर भागातल्या तीन तरुणी होत्या. आपले कुटुंब आधीपासून ख्रिस्ती आहे आणि मुली संमतीने नोकरीसाठी निघाल्या होत्या, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. ऑगस्टच्या सुरुवातीला न्यायालयाने जामीन दिला. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे खरे. पण अटक म्हणजे गुन्हा नव्हे, हेही तितकेच खरे. अटकेची चित्रफीत गावोगाव फिरते, घरच्यांचे म्हणणे मात्र मागे राहते. अफवेला बळ मिळते ते इथेच.

गैरसमज: त्यांचा पैसा परदेशातून येतो आणि त्याचा हिशेब कोणी विचारत नाही.

परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच जमा होते. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार तिच्या संघाकडे जातो, कारण तिने निर्धनतेचे व्रत घेतलेले असते. त्या पगारातून कर कापला जाणारच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

गैरसमज: हक्कांची भाषा बोलणारी सिस्टर नक्षलवाद्यांची हस्तक.

गडचिरोलीच्या सीमेवर हा आरोप सर्वांत घातक ठरतो. बंदुकीचे भय अनुभवलेल्या माणसाला ‘हक्क’, ‘संघटन’ हे शब्द ऐकून धास्ती वाटली, तर त्याला दोष देता येत नाही. त्यात नक्षलवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून झालेल्या फादर स्टॅन स्वामी यांच्या अटकेने भर घातली. ते जेझुइट धर्मगुरू होते आणि खटला उभा राहण्याआधीच जुलै २०२१ मध्ये कोठडीत असताना त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरचा आरोप कधीच सिद्ध झाला नाही.

सिस्टर रानी मारिया यांचे काम पाहिले तर हा आरोप किती पोकळ आहे ते कळते. मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात त्या भूमिहीन शेतमजुरांना बचत, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना समजावून देत. मजुरांचे सावकारावरचे अवलंबित्व कमी झाले आणि तेच सावकारांना खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारण्यात आले. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. हिंसेची कास धरलेल्या चळवळीशी या कामाचे नाते कुठून जोडायचे?

मुंबईत बेल्जियन सिस्टर जीन देवोस यांनी घरकामगार बायांची चळवळ उभारली. वेतन, सुट्टी, सन्मान या मागण्यांसाठी तिथे अर्ज, मोर्चे आणि कायदा हीच साधने होती. आदिवासी भागात ज्या वनहक्कांची भाषा बोलली जाते, त्यांचा तर २००६ पासून संसदेचाच कायदा आहे. त्याची माहिती देणे बेकायदा ठरवायचे, तर तहसील कार्यालयातली पत्रकेही जप्त करावी लागतील.

गैरसमज: गावाच्या नियोजनात सिस्टरची लुडबूड चालते.

बाहेरचा माणूस कागद-पेन घेऊन बसला की गावाला संशय येतो, आणि तो येणे योग्यच आहे. विचारून खातरजमा करावी. पण ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मंजूर करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे आणि ग्रामसभेचे सदस्य गावचे मतदारच असतात. जी सिस्टर तिथली मतदार नाही, तिला ठराव मांडता येत नाही की मत देता येत नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. अनेक गावांत ती कागदावरच उरकली जाते, आणि सिस्टरसारख्या कार्यकर्त्यांचा खरा उपयोग तिथेच आहे. हातपंप नादुरुस्त आहे, अंगणवाडीत वजनकाटा नाही, मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईला वनरक्षक अडवतो, अशा तक्रारी नीट लिहून घ्यायच्या आणि त्यांतल्या कोणत्या निधीत बसतात ते सांगायचे, एवढेच ते काम. वनहक्काचे दावे स्वीकारणाऱ्या वनहक्क समितीतही किमान एक तृतीयांश महिला असणे नियमाने बंधनकारक आहे. अफवेने सिस्टरला गावाबाहेर काढले तर तिची बदली दुसऱ्या गावी होईल. समितीत नुसत्या नावापुरत्या बसलेल्या बायांना मात्र त्याच गावात राहायचे असते, आणि दाव्याचा अर्ज कसा भरायचा हे विचारायला त्यांना दुसरे कोणी शोधावे लागते.