फटफटीला जादा चाकं

एरंडोलात माझा एक लहानपणचा दोस्त आहे. पोलिओने त्याचा डावा पाय गेला, फटफटीची हौस मात्र गेली नाही. “मिस्तरी, पडणार नाही अशी गाडी करून द्या,” एवढंच त्याचं मागणं.

हे काम दोन तऱ्हांनी होतं. एक, मागचं चाक काढून आडव्या दांड्यावर दोन चाकं बसवायची. पण वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर तोडतं. दोन्ही एकत्र जखडली तर टायर घासतात, गाडी सरळच जायला बघते. म्हणून रिक्षासारखा डिफरन्शियल लागतो. दुसरी तऱ्हा सोपी. मूळ चाक तसंच ठेवून दोन्ही बाजूंना लहान, मोकळी फिरणारी चाकं जोडायची.

मिस्तरीने दुसरी तऱ्हा निवडली, तीही बिनगिअरच्या स्कूटरवर. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायात असतो. इथे दोन्ही ब्रेक हातात.

एक धोका मात्र उरतो. दुचाकी वळताना आत झुकते, हिला झुकता येत नाही. वेगात वळवली तर बाहेरच्या बाजूला उलटते. वळणावर वेग कमी हवाच.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अपंगांसाठीच्या बदलाला त्यात वाट दिली. आरटीओत नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.

नोंद झाली. परवा दोस्त एकटाच कब्रस्तानात जाऊन वडिलांच्या कबरीवर फातिहा पढून आला. म्हणाला, “आज कुणाला ‘सोबत चल’ म्हणावं लागलं नाही.”