ठिणगीला चुंबकाचा धक्का

बटण बंद केलं की वीज तत्क्षणी थांबते, असं आपण समजतो. प्रत्यक्षात संपर्कपट्ट्या दूर होताना मधली हवा तापते, तिचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून प्रवाह वाहतच राहतो. हा आर्क. त्याचं तापमान हजारो अंशांवर जातं, तांबंही वितळतं.

पण आर्क हाही विद्युतप्रवाहच, आणि चुंबकीय क्षेत्रात प्रवाहावर बल लागतं. शाळेतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम इथेही चालतो. तार बांधलेली असते, आर्क मोकळा. म्हणून तो सरकतो, वाकतो, लांबतो. घरातल्या एमसीबीत, म्हणजे बिघाड होताच आपोआप वीज तोडणाऱ्या ब्रेकरमध्ये, प्रवाहाचं स्वतःचंच क्षेत्र त्याला लोखंडी पट्ट्यांच्या चळतीत ढकलतं. तिथे त्याचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याला टिकायला वेगळं व्होल्टेज लागतं, तेवढं मिळत नाही, आर्क विझतो. किती देखणी युक्ती!

घरातल्या एसीचा, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेचा, प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे काम सोपं. एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीत ती सवलत नाही. मुंबईत 1925 साली सुरू झालेली विजेची लोकल 1500 व्होल्ट डीसीवर धावे. अशा यंत्रणेत मुख्य प्रवाहच वेटोळ्यातून फिरवून आर्क बाजूला फेकणारं क्षेत्र तयार करतात.

काही डीसी ब्रेकरमध्ये कायमचुंबक असतो. त्यांच्यावर अधिक-उणे खुणा असतात. तारा उलट जोडल्या तर आर्क चळतीऐवजी विरुद्ध दिशेला जातो आणि ब्रेकरच पेटू शकतो. सौर पॅनेलची वीजही डीसीच, म्हणून छतावर ती बसवून घेताना या खुणा जरूर तपासायला लावा.