मधुचंद्राचं अंदाजपत्रक



"आरोग्य आणि अर्थ" या सदरासाठी एकदा तरी लिहा, असा संपादकांचा दिवाळीपासून आग्रह चालला होता. मी ना डॉक्टर, ना अकाउंटंट. पण लेकीच्या मधुचंद्राची आखणी करताना आरोग्य आणि अर्थ हे दोन्ही विषय आमच्या जेवणाच्या टेबलावर एकाच दुपारी येऊन बसले. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना उपयोग होईल, म्हणून ती हकीकत लिहिते आहे. लेक आणि जावई या दोघांची परवानगी घेतली आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या वेळी मधुचंद्र म्हणजे माथेरान. 1989 साली सासऱ्यांनी हातावर बाराशे रुपये ठेवले आणि नेरळहून छोट्या गाडीत बसवून दिलं. तीन दिवस लाल माती आणि माकडं बघून आम्ही परत आलो. आखणी अशी काही करावीच लागली नाही. आता मुलं आपली आपण ठरवतात आणि ते बरंच आहे. तरी जानेवारीतल्या एका रविवारी दोघं आमच्याकडे पोहे खायला आली, ती लॅपटॉप घेऊनच. लग्न मे महिन्यात इथेच, इंग्लंडमध्ये व्हायचं होतं आणि त्यानंतर दहा दिवसांनी त्यांना भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर जायचं होतं.

बेट कोणतं?

लेकीच्या मनात ग्रीसचं सँटोरिनी होतं. पांढरी घरं, निळे घुमट, सगळ्यांच्या फोटोंत असतात तेच. हिशेब पाच हजार पौंडांपर्यंत गेला आणि त्यातले निम्मे क्रेडिट कार्डावर टाकायचे होते. क्रेडिट कार्डाचं व्याज 20 टक्क्यांच्या वर असतं. आठ दिवसांच्या सुखाचे हप्ते दोन वर्षं फेडत बसायचे का, एवढंच मी विचारलं. जावयानेच मान हलवली. (मी त्याला "तो" म्हणते, अजून अहो-जाहो करण्याइतका जुना झालेला नाही.)

शेवटी माल्टा ठरलं. लंडनहून विमानाने साधारण तीन तास. माल्टीजबरोबर इंग्रजीही तिथली अधिकृत भाषा. 1964 पर्यंत ब्रिटिशांचा अंमल होता, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. 2008 पासून चलन युरो. माल्टा, गोझो आणि कोमिनो अशी तीन मुख्य बेटं. राजधानी वॅलेटा 1980 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्जोचं 1608 सालचं प्रचंड चित्र आहे. गोझोवरची गंतीयाची दगडी मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी. म्हणजे नुसतं वाळूत लोळायचं नाही, बघायलाही भरपूर. गोझोची ती प्रसिद्ध दगडी कमान मात्र आता जुन्या फोटोंतच दिसेल. ती 8 मार्च 2017 रोजी वादळात समुद्रात कोसळली.

पैशांचं पान

दोघांनी मिळून लिहिलेलं पहिलं अंदाजपत्रक मी जपून ठेवलं आहे. सात रात्री, दोन माणसं:

विमान, सामानासह – 420 पौंड
हॉटेल (चार रात्री माल्टा, तीन रात्री गोझो) – 840
खाणंपिणं, रोजचे 70 प्रमाणे – 490
बस, बोट, प्रवेश तिकिटं – 150
व्हिसा व त्याचे इतर खर्च – 110
विमा – 94
अडीअडचणीला – 296
एकूण – 2,400 पौंड

यातला "अडीअडचणीला" हा रकाना मी घालायला लावला. आमच्या पिढीची ती सवय. हातचा एक राखून ठेवायचा.

दोन गोष्टी इथे सांगते. एक, हॉटेलचे पैसे क्रेडिट कार्डाने भरले, पण महिनाअखेर पूर्ण फेडायच्या बोलीवर. 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पर्यंतच्या किमतीची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली आणि विकणाऱ्याने शब्द पाळला नाही, तर 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 खाली कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही. दुसरी, परदेशात कार्डाचं यंत्र "पौंडात घेऊ की युरोत?" असं विचारतं. नेहमी युरो म्हणावं. पौंड म्हटलं की दर ते लोक ठरवतात आणि तो सहसा आपल्याला महाग पडतो.

दोन पासपोर्ट, दोन तऱ्हा

आपल्याकडे बऱ्याच जोडप्यांत एक पासपोर्ट ब्रिटिश आणि एक भारतीय असतो. लेकीला व्हिसा लागत नाही. 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. पण तिचा पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांहून जुना नसावा आणि परतल्यानंतर तीन महिने तरी शिल्लक असावेत. ऑक्टोबर 2025 पासून या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तेव्हा विमानतळावर वेळ हाताशी ठेवावा. आणि तिकीट पासपोर्टवरच्याच नावाने काढावं. लग्नानंतरचं नवं नाव तिकिटावर आणि माहेरचं पासपोर्टवर, असा घोळ नको.

जावयाचा पासपोर्ट भारतीय, म्हणजे शेंगेन व्हिसा हवा. जून 2024 पासून मोठ्या माणसाला त्याची फी 90 युरो झाली. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी केलाच पाहिजे. त्यासोबत किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. म्हणून आम्ही विम्याचा अर्ज उघडला आणि तिथे गाडी अडली.

तो प्रश्न

विम्याच्या बाबतीत मी जरा कडक आहे, त्याला कारण आहे. 2014 साली आम्ही दोघं क्रीटला गेलो होतो. तिसऱ्या रात्री यांच्या छातीत दुखू लागलं. हॉटेलवाल्यांनी खाजगी दवाखान्यात नेलं, रात्रभर तपासण्या झाल्या आणि निदान निघालं ॲसिडिटी. बिल 1,900 पौंड. विमा कंपनीने आमच्या डॉक्टरकडून कागद मागवले. त्यात ब्लडप्रेशरची गोळी होती आणि अर्जात आम्ही ती लिहिली नव्हती. "एक साधी गोळी, ती काय लिहायची!" असं म्हणून हे पुढे गेले होते. कंपनीने एक पैसा दिला नाही. चूक आमचीच होती. 2012 च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देण्याची वाजवी काळजी घ्यायची असते.

म्हणून मी अर्जातला प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचत होते. "गेल्या काही वर्षांत कोणत्याही आजारासाठी औषध घेतलं आहे का?" लेकीचं "नाही" मी टिपलं. जावयाच्या वेळी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "मला फिटच्या गोळ्या चालू आहेत."

इथे शिकायला आल्यावर त्याला दोनदा फिट आली होती. गेल्या पाच वर्षांत एकदाही नाही. लेकीला त्याने ओळखीच्या पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. आम्हाला मात्र लग्न होईपर्यंत सांगू नकोस, असं नाशिकहून त्याच्या आईवडिलांनी बजावलं होतं.

हे उठून मागच्या बागेत गेले. जानेवारीत बागेत काही काम नसतं. मी पोह्यांच्या बशा उचलल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मला माझी आत्या आठवली. तिला फिट आली की घरात धावपळ व्हायची, कुणी कांदा हुंगवायचं, कुणी चप्पल. लग्नात ही गोष्ट लपवली होती. 1978 साली सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, ती कायमची. तेव्हा कायदाही तिच्या बाजूने नव्हता. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके लग्नाच्या आड येणारी गोष्ट म्हणून घातले गेले होते. 1999 साली तो शब्द कायद्यातून काढला. माणसांच्या मनातून काढायला जास्त वेळ लागतो, माझ्यासकट.

मी परत टेबलाशी आले आणि म्हटलं, "गोळीचं नाव सांग, स्पेलिंग चुकायला नको."

खरं लिहिल्यावर हप्ता 56 पौंडांवरून 94 झाला. म्हणजे फरक 38 पौंडांचा. एवढ्यासाठी खोटं लिहून दोघांनी सगळा प्रवास जीव मुठीत धरून केला असता. एखादी कंपनी नाही म्हणाली किंवा भलताच हप्ता सांगितला, तर सरकारच्या पाठिंब्याने चालणाऱ्या मनीहेल्पर या सेवेकडे आजार असलेल्यांना विमा देणाऱ्या कंपन्यांची यादी मिळते. विमा बुकिंगच्या दिवशीच घ्यावा, म्हणजे मधल्या काळात आजारपणामुळे जाणं रद्द झालं तरी आधार असतो.

यांना आठ दिवस लागले. मंडळातल्या एका डॉक्टर स्नेह्यांशी ते दोनदा बोलले. मग जावयाला फोन करून म्हणाले, "रविवारी मॅचला येतोस ना?" मी नाशिकला फोन लावला. विहीणबाई बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही लग्न मोडाल अशी भीती वाटली हो." मी त्यांना आत्याची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघीही जरा रडलो.

प्रकृतीची तयारी

फिटचा त्रास असणाऱ्यांना अपुरी झोप, चुकलेली गोळी आणि जास्त दारू या तीन गोष्टी विशेष बाधतात. आपल्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत झोप कुणाला मिळते? म्हणून लग्न आणि प्रवास यांत दहा दिवस सोडले होते. पहाटेचं स्वस्त विमान टाळून दुपारचं घेतलं.

गोळ्या नेहमी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चार दिवस पुरतील इतक्या जास्तीच्या आणि सोबत प्रिस्क्रिप्शनची प्रत. माल्टाचं घड्याळ आपल्यापुढे एक तास असतं, तेव्हा गोळीची वेळ आधीच ठरवावी. जाता जाता एक माहिती. इंग्लंडमध्ये अपस्मारावर कायम औषध घेणाऱ्यांना प्रिस्क्रिप्शन मोफत मिळतं. जावई तीन वर्षं पैसे भरत होता!

गोझोचा समुद्र स्कूबा डायव्हिंगसाठी प्रसिद्ध आहे. पण फिटच्या गोळ्या चालू असताना ते करू नये, असा वैद्यकीय सल्ला असतो. पोहणं चालतं, पण एकट्याने नाही, आणि सोबतच्याला आजाराची कल्पना हवी. गाडी चालवायला इथल्या नियमाप्रमाणे वर्षभर फिट आलेली नसावी लागते. त्याच्याकडे लायसन्स आहे, तरी सुट्टीत बस आणि बोट बरी, असं दोघांनीच ठरवलं. मोठ्या बोटीने गोझोला साधारण पंचवीस मिनिटं लागतात आणि तिकीट परतीच्या वेळी घेतात.

कुणाला फिट आली तर काय करायचं, हे मी साठीच्या आसपास शिकले. घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. झटका थांबला की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबला नाही तर 112 फिरवा, माल्टातही हाच नंबर. कांदा नको आणि चप्पल पायातच राहू द्या.

लेकीने एनएचएसचं मोफत मिळणारं जीएचआयसी कार्ड घेतलं होतं. सरकारी दवाखान्यात त्याचा उपयोग होतो. खाजगी उपचार किंवा घरी परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही, म्हणून ते विम्याऐवजी नाही, विम्याच्या जोडीला. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून सावध राहा.

माल्टाचं नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं खारेपण काढून केलेलं असतं. ते पिण्याजोगं आहे, चव मात्र कुणाला आवडत नाही. दुपारी बारा ते चार उन्हात हिंडू नये. आपण सावळे, आपल्याला ऊन काय करणार, हा आपला लाडका गैरसमज. शाकाहारी मंडळींनी मटाराची पास्तित्सी जरूर खावी, अगदी आपल्या मटार करंजीची बहीण! फक्त पिठात चरबी आहे का, ते आधी विचारावं.

परतल्यावर

जूनच्या सुरुवातीला दोघं परत आली, उन्हाने रापलेली आणि खूश. वाटेत एकही संकट आलं नाही. विम्याचे 94 पौंड "वाया" गेले आणि ते जाण्यासाठीच असतात. अडीअडचणीच्या रकान्यातले 210 पौंड शिल्लक होते, ते घराच्या डिपॉझिटच्या खात्यात टाकले. माझ्यासाठी गोझोचा मध आणला. तिथे पुस्तकाला "क्तीब" म्हणतात, म्हणजे आपला किताबच की, हे जावयाने कौतुकाने सांगितलं.

तुमच्या घरी कार्य असेल तर मुलांना एकच सुचवा. हॉटेलचे फोटो बघण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून दोन कागद लिहावेत. एकावर कमाई, कर्ज आणि शिल्लक. दुसऱ्यावर आजार, औषधं आणि घराण्यातली दुखणी. आणि आपण मोठ्यांनी, त्या कागदांवर काहीही निघालं तरी, बागेत फार वेळ थांबू नये.

सर्व नवदांपत्यांना मनापासून शुभेच्छा!