हेतू चांगला, पण पुरावा?

आपल्यातील कितीतरी विद्यार्थी हल्ली शिकता शिकता भाषांतर, मुद्रितशोधन, चित्रे काढून देणे अशी कामे घरबसल्या करतात. काम देणाऱ्याचे तोंडही कधी दिसत नाही आणि सगळा करार मोबाइलवरच्या दोन-चार निरोपांत आटोपतो. पैसे आले तर ठीक. नाही आले, की समव्यावसायिकांच्या गटात एक ओळ येऊन पडते : ‘अमका पैसे बुडवतो, त्याचे काम घेऊ नका.’ कधी ती उलट दिशेनेही येते : ‘तमकी दुसऱ्याचे काम चोरून आपले म्हणून देते.’ ज्याचे भांडवल म्हणजे केवळ नाव, त्याच्या पोटावरच अशा ओळीने पाय येतो. आरोप खरा असेल तर चार जण वाचतात; खोटा असेल तर निरपराध माणसाचे काम बंद पडते. म्हणूनच या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील ४९९ व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाने घेतली आहे. अब्रूनुकसानीची व्याख्या मात्र बहुतांशी तीच राहिली. एखाद्याच्या लौकिकाला बाध आणण्याच्या हेतूने, अथवा तसा बाध येईल हे ठाऊक असताना, त्याच्यावर आरोप करणे किंवा तो प्रसिद्ध करणे म्हणजे अब्रूनुकसानी. प्रसिद्धीसाठी छापखाना लागत नाही. तिसऱ्या माणसापर्यंत मजकूर पोचला की पुरे. उपरोधाने लिहिले, किंवा नाव गाळले पण माणूस ओळखू येतो, तरीही सुटका नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या कायद्यात सामुदायिक सेवेचाही पर्याय आहे. याखेरीज दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. तो दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो. हा गुन्हा घटनाबाह्य ठरवावा अशी मागणी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१६ मध्ये फेटाळली.

मग खऱ्या तक्रारदाराने गप्प बसावे काय? तसे नाही. कायद्याने दहा अपवाद सांगितले आहेत. पहिला सत्याचा, परंतु फौजदारी खटल्यात नुसते सत्य पुरत नाही, ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. नववा अपवाद स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावपूर्वक केलेल्या आरोपाचा, आणि दहावा सद्भावपूर्वक दिलेल्या इशाऱ्याचा. म्हणजे आपल्या सोबत्यांना सावध करणे हा काही गुन्हा नव्हे. सारी मदार ‘सद्भाव’ या शब्दावर आहे, आणि त्याचा अर्थ कायद्यात व्यवहारातल्यापेक्षा वेगळा आहे. योग्य ती दक्षता घेऊन व लक्ष घालून जे केले, तेच सद्भावपूर्वक. नुसते मन स्वच्छ असून भागत नाही.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे महाराष्ट्राने १८८२ मध्ये पाहिले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा, म्हणजे चौथ्या शिवाजींचा, छळ होत असल्याची चर्चा होती. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे पुढे आली आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी त्यांच्या आधारे बर्व्यांवर जबर टीका केली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर या दोघांनी माफी मागितली, तरी चार-चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. दोघेही तेव्हा जेमतेम पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. त्यांचा हेतू कोणीही वाईट म्हणणार नाही. महाराजांविषयीची काळजीही अनाठायी नव्हती. १८८३ मध्ये अहमदनगर येथे त्यांचा दुर्दैवी अंत झाला. परंतु काळजी खरी असली, तरी अमुक माणसानेच अमुक कट केला हे विधान बनावट कागदावर उभे होते.

आजच्या ‘अमका पैसे बुडवतो’ या ओळीलाही हीच कसोटी लागते. पैसे मिळाले नाहीत ही घटना. ‘तो लबाड आहे’ हा निष्कर्ष. आपल्याजवळ पुरावा असतो तो घटनेचा. तेव्हा लिहायचेच तर असे लिहावे : ‘अमुक तारखेला काम दिले, इतकी रक्कम ठरली होती, दोनदा आठवण दिली, आजवर पैसे आलेले नाहीत.’ काम ठरल्याचा निरोप, देयक, स्मरणपत्रे जपून ठेवावीत. आधी समोरच्याला लेखी विचारावे. उत्तर आले तर तेही सांगावे. ज्यांचा संबंध आहे त्यांच्यापुरतेच बोलावे. दुसऱ्याची तक्रार शहानिशा न करता पुढे ढकलू नये. ‘मूळ मजकूर माझा नव्हता’ हा बचाव लंगडा आहे. आणि पैसे हवे असतील, तर त्यासाठी दिवाणी दाव्याची वाट सामान्यतः तीन वर्षे खुली असते. बदनामीने रक्कम वसूल होत नाही, उलट फिर्यादी होता होता आपणच आरोपी होण्याची पाळी येते.

वर्गात एखाद्या विधानाला आधार काय, असे आपले प्राध्यापक वारंवार विचारतात. दुसऱ्याच्या नावापुढे आरोप लिहिण्यापूर्वी तोच प्रश्न आपण स्वतःला विचारावा, इतकीच कायद्याची अपेक्षा आहे.