होमोसिस्टीन : गंधकाच्या वाटेवरचा चौक

चार वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्तींच्या, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतून चौकापर्यंत जातानाही त्यांचा तोल जाई. एका डॉक्टरांनी ‘वय झालं’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी रक्त तपासायला लावलं. अहवालात बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला होतं आणि त्याखाली एक अनोळखी शब्द होता : होमोसिस्टीन. ते १५च्या आत हवं. आत्तींचं होतं ४२. मी विज्ञान शाखेची नव्हे. पण त्या शब्दाचा माग काढायला बसले, ती अजून उठलेले नाही.

आपली प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी दोनांतच गंधक असतो : मिथिओनिन आणि सिस्टीन. केस जळल्यावर जो उग्र वास येतो, तो केसांतल्या सिस्टीनच्या गंधकाचा. मिथिओनिन शरीराला तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. डाळींत ते कमी असतं, धान्यांत आणि तिळांत बरं असतं. डाळींतलं लायसिन धान्याची उणीव भरून काढतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर आमटी खाणाऱ्यांनी हा हिशेब न शिकताच जुळवला होता.

मिथिओनिनला प्रथिनं बांधण्याखेरीज आणखी एक काम असतं. कार्बनचा एक छोटा गट, मिथिल गट, ते शरीरभर वाटतं. डीएनएवरच्या खुणांना, मज्जातंतूंच्या आवरणाला, अनेक रसायनांच्या घडणीला तो लागतो. हा गट देऊन टाकल्यावर जे उरतं, ते होमोसिस्टीन. इथे चौक लागतो. एक वाट परत मिथिओनिनकडे जाते. त्यासाठी फोलेटने नवा मिथिल गट आणावा लागतो आणि बी-१२ने तो हातोहात पोचवावा लागतो. दुसरी वाट बी-६च्या मदतीने सिस्टीनकडे आणि पुढे पेशींचं रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनकडे जाते. बी-१२ नसेल तर पहिली वाट अडते आणि होमोसिस्टीन रक्तात साचतं.

या साचण्याकडे जगाचं लक्ष वेधलं १९६९ साली. होमोसिस्टीन वाढवणाऱ्या दोन वेगवेगळ्या जन्मजात दोषांनी दगावलेल्या मुलांच्या रोहिण्या अमेरिकेतल्या किल्मर मॅकली यांनी तपासल्या, तेव्हा त्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड झालेल्या दिसल्या. मात्र होमोसिस्टीन उतरवलं की हृदयविकार टळतो, ही आशा २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत फारशी खरी ठरली नाही. तेव्हा ते एकमेव गुन्हेगार नव्हे. पण चौकात कोंडी झाल्याची खबर ते नक्की देतं.

या गोष्टीचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणारा रक्तक्षय अभ्यासू लागल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली मांडलं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. चौकातल्या दोन मदतनिसांपैकी एकाचा पत्ता मुंबईच्या गरीब बायकांच्या रक्तातून लागला होता.

दुसऱ्याची अनुपस्थिती पुण्यात मोजली गेली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गावातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली निष्कर्ष आले : ६७ टक्क्यांत बी-१२ कमी, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. शहरी मध्यमवर्गात हेच आकडे ८१ आणि ७९ टक्के होते. फोलेटची कमतरता क्वचितच दिसली. म्हणजे पालेभाजी पोटात जात होती. अडत होतं ते बी-१२शी. याच गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा १९९३पासून मागोवा घेतला. गरोदरपणी फोलेट भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या मातांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती, असं २००८ साली दिसलं. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचा आणखी एक धोका आहे : रक्तक्षय सुधारतो, पण बी-१२अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापुरात हे कसं, असं मला वाटलं होतं. पण आत्ती माळकरी. मटण नाही, अंडंही नाही. उरलं दूध. एका कपभर दुधातून रोजच्या गरजेच्या निम्म्याहून कमी बी-१२ मिळतं, आणि आत्तींच्या वाट्याला यायचं ते चहापुरतंच. पेले आधी मुलांचे, मग पुरुषांचे. हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतं, कारण पंचवीस वर्षं ते पेले भरणारी मीच होते.

इंजेक्शनं ठरली, तेव्हा आत्तींनी विचारलं, “ह्यात तसलं काय न्हाई न्हवं, पोरी?” उत्तर मला माहीत झालं होतं. बी-१२ कुठलीही वनस्पती तयार करत नाही आणि प्राणीही नाही. ते फक्त सूक्ष्मजीव करतात. गाईला ते तिच्या पोटातल्या जिवाणूंकडून मिळतं, आणि औषधातलंही जिवाणूंकडूनच बनवून घेतात. माळ मोडत नव्हती.

तीन महिन्यांनी होमोसिस्टीन १३वर आलं. तोल सावरला, मुंग्या कमी झाल्या. डाव्या पायाची दोन बोटं मात्र बधिर राहिली ती राहिलीच. उशीर झालेल्या मज्जातंतूंचं असंच असतं. आता आमच्याकडे दुधाचा पहिला पेला आत्तींचा असतो. आणि गेल्या वर्षी मी माझंही रक्त तपासून घेतलं.